बारा जणांची बाटली

भात पिवळं पडायला लागलं की माझं डोकं फिरतं. लोकांचं उलट होतं. मुंबईहून भाचे-पुतणे येतात, रस्त्याच्या कडेला गाडी लावतात, "आत्या, काय सोनं पिकलंय बघ!" म्हणतात आणि फोटो काढतात. मी हो म्हणते. सोनं वगैरे ठीक आहे, पण अश्विन-कार्तिकातलं महाडचं ऊन त्यांनी कधी शेतात उभं राहून सोसलेलं नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी यायचं नाव घेत नाही, खाचरांतला चिखल आटत असतो आणि त्याचा आंबूस दमट वास नाकातून जात नाही. सावित्रीवरून येणारा वारासुद्धा कुणीतरी आधीच वापरून टाकलेला वाटतो. आणि संध्याकाळी डास. डासांचा फोटो कुणी काढत नाही.

माझं वय आता ऐंशीच्या बरंच पुढे आहे. एवढ्या वयात माणूस निवतो म्हणतात, मी काही निवले नाही. गेल्याच आठवड्यात नाक्यावर एक पांढरी गाडी आली होती, आरोग्य तपासणीची. हमरस्त्याच्या कामावर आणि कारखान्यांत कुठून कुठून आलेली माणसं राहतात, त्यांच्यासाठी. मीही रक्तदाब बघून घ्यावा म्हणून रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक परप्रांतातला तरुण होता, अंगात कणकण असलेला, डोळे लाल झालेले. टेबलामागच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "कार्ड आणलंय? नाही? मग पुढच्या वेळी घेऊन या. पुढे कोण?" तो मुकाट्यानं बाजूला झाला. मी त्या मुलीला असं काही झापलं की रांग गप्प झाली. ती बिचारी घाबरून म्हणाली, "आजी, शांत व्हा, तुमचं बीपी वाढेल." मी बीपी न बघताच घरी आले.

घरी आल्यावर चहा केला आणि तो तसाच निवला. त्या मुलीवर चिडणं सोपं होतं. कारण ते वाक्य माझं होतं. साठ वर्षांपूर्वी, ह्याच भात पिकायच्या दिवसांत, मी तेच वाक्य तसंच मान वर न करता बोलले होते, फक्त कार्डाच्या जागी बाटली म्हणाले होते. त्या वाक्यापायी एक माणूस सुरुंगाच्या तोंडी सापडला. त्याचं नाव सिदू, आणि ज्या बाईला मी ते वाक्य ऐकवलं ती त्याची बायको, हौसा.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. मुंबईच्या काही दानशूर लोकांनी एक मंडळ काढून आमच्या भागासाठी फिरता दवाखाना सुरू केला होता. युद्धात वापरलेली एक जुनी गाडी विकत घेऊन तिला पांढरा रंग दिला होता, पण चढावर तिचा आवाज अजून लढाईवर निघाल्यासारखाच यायचा. डॉक्टर पुण्याहून नुकतेच पास होऊन आलेले, सभ्य, जरा लाजाळू. गाडी चालवायला महाडचे हसनमामू, ज्यांना प्रत्येक वळणावरच्या दगडाची ओळख होती. आणि मी नर्स. कंपाउंडर मिळत नव्हता, म्हणून औषधं बनवायचं कामही माझ्याकडेच. तेवीस-चोवीस वर्षांची होते, आणि जगात मी सोडून बाकी सगळ्यांना शिस्त लावायची गरज आहे असं माझं ठाम मत होतं.

दर बुधवारी आम्ही पोलादपूर ओलांडून आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात जायचो. गावाचं नाव सांगत नाही, तिथून मला अजून लग्नाच्या पत्रिका येतात. दोन्ही बाजूंना खाचरं. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलेलं, विळ्यांचा करकर आवाज, कापलेल्या पेंढ्याचा गोडसर वास. तो वास गाडीतल्या फिनेलच्या वासात मिसळला की मला मळमळायचं. मला आजही कुणी ताज्या पेंढ्याचं कौतुक सांगू लागलं की नाकात आधी फिनेल येतं.

गावात काम कमी आणि गप्पा जास्त. कापणीच्या दिवसांत ज्याला खरोखर ताप असे तो शेतात, आणि ज्याला काही नसे तो रांगेत. पोलीस पाटील पहिला नंबर लावून यायचे. त्यांना रोज सकाळी शिंका यायच्या, हा त्यांचा आजार. मी म्हणायची, "पाटील, शिंका येणं हा आजार नाही." ते म्हणायचे, "बाई, तुम्हांला नाय कळायचं. एकदम सात येतात हो! मोजल्याव मी." मग त्यांच्या शिंकांसाठी काहीतरी रंगीत पाणी करून द्यावं लागे, नाहीतर पुढच्या बुधवारी ते आठ शिंका घेऊन यायचे.

त्या वर्षी घाटरस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. पाऊस थांबला तशी घाटावरून माणसं उतरली, माण तालुक्याच्या कोरड्या बाजूची. बायकापोरांसकट. गावाच्या अलीकडे मैलभर, रस्त्याला लागून, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला त्यांनी पाचटाची खोपटी टाकली. दिवसभर तिथून हातोड्यांचा आवाज यायचा, टाक टाक टाक, आणि मध्येच सुरुंगाचा बार. बार उडायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचा आणि लांबलचक ओरडायचा, मग सगळे हातातलं टाकून पळायचे. कोरड्या हवेत वाढलेली ही माणसं आमच्या दमट हवेत आणि डासांत येऊन पडली, आणि पंधरा दिवसांत अर्धी खोपटी थंडीतापानं कुडकुडायला लागली.

गावाला त्यांचा उगीचच राग. गावातल्या प्रत्येक घरातला एकतरी मुलगा परळ-लालबागला कुणाच्या तरी खोलीत पथारी टाकून राहत होता, दिवाळीला घरी यायचा आणि "तिकडं आपल्या माणसाला कुणी विचारत नाय" म्हणून हळहळायचा. तेच गाव खोपट्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, "घाटी मेले, कुठनं आले कोण जाणे!" मी हे ऐकून कपाळावर हात मारून घेत असे. पण मारून घेतलेल्या हातानं मी काय केलं, ते पुढे सांगतेच.

मंडळानं आम्हाला गावांची यादी दिली होती. खोपट्यांचं नाव यादीत असणार कुठून? पण डॉक्टरांना राहवलं नाही. परतीच्या वाटेवर, ऊन कलल्यावर, त्यांनी हसनमामूंना तिथे गाडी थांबवायला सांगितली, आणि रजिस्टरात 'गाव' ह्या रकान्यात त्या सगळ्यांच्या नावांसमोर पायथ्याच्या त्या गावाचंच नाव घातलं. मला म्हणाले, "सिस्टर, तापाला कुठलं आलंय गाव?" पुण्याची माणसं असं काही बोलून जातात. मला पटलं, पण कागदावर खोटं लिहिल्याचं मनात खुपत राहिलं. म्हणून मी बाकीच्या नियमांत जास्तच कडक झाले.

त्या काळी दवाखान्यातून पातळ औषध हवं असेल तर बाटली पेशंटनं आणायची असे. गोळ्या मोजक्याच यायच्या, त्या लहान मुलांना आणि गरोदर बायांना. बाकीच्यांना क्विनाईनचं मिक्सचर. मी ते बाटलीत ओतायची आणि बाटलीला बाहेरून खळीनं कागदाची पट्टी चिकटवायची, कडेला सहा दाते कापलेली. एक दाता म्हणजे एक मात्रा. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. ती पट्टी कापण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे.

पहिल्या बुधवारी खिडकीसमोर हौसा उभी राहिली. काळीसावळी, उंच, कपाळावर मोठं कुंकू, हातात घासून लख्ख केलेला पितळेचा लोटा. म्हणाली, "मालकाला लई हिव भरून येतंय बाई. ह्यात घाला औशिद."

मी म्हणाले, "पितळेत औषध नासतं. बाटली कुठाय?"

"बाटली न्हाई वो आमच्याकडं. हिकडं येताना भांडीच चार आनली."

"मग पुढच्या वेळी घेऊन या. पुढे कोण?"

तिच्यामागे जे होते त्यांच्यातल्या कुणाच्याच हातात बाटली नव्हती. एकाकडे तुपाचा डबा होता, एकीजवळ नारळाची करवंटी. मी सगळ्यांना एकदमच सुनावलं: स्वच्छ धुतलेली काचेची बाटली, दुसरं काही चालणार नाही, औषधाचा थेंबसुद्धा टाकायचा नाही, आणि दिलेलं सगळं संपवायचं. वर हेही म्हणाले की फुकट मिळतंय म्हणून माणसाला किंमत नसते. बाटली आमच्या घरी माळ्यावर पडलेली असते, तशी सगळ्यांच्याच घरी असणार, असं मला वाटायचं. माळाच नसलेल्या घराची बाई मी तोवर पाहिली नव्हती, किंवा पाहिली तरी तसा विचार केला नव्हता.

पुढच्या बुधवारी मात्र मी खूश झाले. रांगेतला प्रत्येक जण खिडकीत बाटली ठेवत होता. सगळ्या बाटल्या एकसारख्या, हिरव्या काचेच्या, निमुळत्या गळ्याच्या, आणि नुकत्याच धुतल्यामुळे पाणी निथळणाऱ्या. रांग जरा हळू सरकत होती इतकंच. खिडकी लहान होती, मी आत वाकून मिक्सचर मोजत होते, पट्टी कापत होते, मला फक्त हात आणि बाटली दिसायची. बारा पेशंट, बारा बाटल्या. गावात कुणी रॉकेलचा वास मारणारी बाटली आणली की मी म्हणायला लागले, "जरा त्या खोपटीवाल्यांकडे बघा! अडाणी म्हणता ना त्यांना? कशा लख्ख बाटल्या आणतात!" डॉक्टरांनासुद्धा मी हे अभिमानानं सांगितलं. चार बुधवार मी हा अभिमान मिरवला. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढचे ते बुधवार आठवले की खरं तर सगळं समोरच होतं, हे कळतं. तिसऱ्या बुधवारी मी रजिस्टरातून नावं पुकारत होते आणि कुणी 'ओ' देईना. दोनदा, तीनदा हाक मारली तरी माणसं आपल्याच नादात बसलेली. मी वैतागून ओरडले, "बहिरे आहात का सगळे?" एक म्हातारा कानावर हात ठेवून म्हणाला, "कानात रहाट फिरतोय बाई, बुधवार-गुरवार लई फिरतोय." मी म्हटलं, ताप आहे, अशक्तपणा आहे, होतं असं. क्विनाईन जास्त झालं की कान वाजतात, ऐकू येईनासं होतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण जास्त कुठून होणार? पट्टी तर मी स्वतः कापत होते!

आणि गावात कुजबुज सुरू झाली होती. पाटील एकदा शिंकांच्या औषधाला आले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमचे ते पेशंट दारू पितात. मी डोळ्यांनी बगितलंय. गाडीच्या मागं जातात नि बाटली तोंडाला लावतात. बायासुदिक!" दारूबंदीचे दिवस होते. बाटलीचा नुसता वास आला तरी माणूस चौकीवर जायचा. मी पाटलांना म्हणाले, तुमचं आपलं काहीतरीच. मागे जाऊन बघण्याइतकी गाडी लांब नव्हती, दहा पावलं होती. गेले नाही.

पाचव्या आठवड्यात, बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही शेजारच्या एका गावाहून त्याच रस्त्यानं परतत होतो. मुकादमाच्या माणसानं आडवं येऊन गाडी थांबवली. सिदूला रस्त्याकडेला गोणपाटावर ठेवलं होतं. सुरुंगाच्या वेळी सगळे पळाले, तो मात्र पाठ करून खडी फोडत राहिला. हौसानं लांबून हाका मारल्या, शेवटी धावत येऊन त्याला ओढला, म्हणून डोक्यात बसायचा दगड खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता, आणि तो माणूस आमच्या तोंडांकडे टकामका बघत होता, कारण आम्ही काय बोलतो ते त्याला ऐकूच येत नव्हतं. "गाडी माणसं न्यायला नाय," हसनमामू म्हणाले. नियम त्यांनाही पाठ होता. म्हणाले, आणि खाली उतरून स्वतःच त्याचे पाय उचलले.

महाडच्या दवाखान्यात हाड बसवेपर्यंत मुकादम हवालदाराला आणि पाटलांना घेऊन हजरच. मुकादमाचं म्हणणं सरळ होतं: शिट्टी दिली होती, सगळे पळाले, हा दारू पिऊन बसला होता. पुरावा म्हणून त्याच्या खोपटातली बाटली आणली होती. हिरव्या काचेची, निमुळत्या गळ्याची. दारू प्यायलेला ठरला की मुकादमाच्या गळ्यातलं लोढणं सुटणार होतं आणि सिदू मोडक्या खांद्यानिशी तुरुंगात जाणार होता. पाटलांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली. खोटं बोलत नव्हते ते, त्यांनी पाहिलं तेच सांगत होते.

मी हौसाला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिच्या पदराला रक्त लागलेलं होतं. मी रागानंच विचारलं, "खरं सांग. ह्या बाटलीत काय होतं?"

ती म्हणाली, "तुमचंच औशिद की. दुसरं काय आसनार?"

"मग मागे जाऊन तोंडाला का लावता?"

"मंग काय करनार? बाटली एक, माणसं बारा. आमच्या धाकट्या जावंनं डोस्क्याचं त्याल ज्यात आनल्यालं हुतं तेवढीच बाटली. येकानं घ्याची, मागं जाऊन समदं प्याचं, वहाळात धुवायची आन् फुडच्याला द्याची."

"सगळं? सहा मात्रा एकदम? मी सकाळ-संध्याकाळ म्हणून सांगितलं होतं ना!"

"सांगितलं हुतं की. पर मालकानं सकाळपतूर बाटली आडवून ठिवली, तर मागच्यानं काय करावं? आन् थेंब टाकायचा न्हाई म्हनला तुमी. समदं संपवायचं म्हनला. लोट्यात नासतंय म्हनला." मग, अगदी काळजीनं, "चुकलं का वो?"

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. हिच्या भाबडेपणाचा राग, तो बाटलीचा नियम कुणी केला त्याचा राग, हळू सरकणाऱ्या रांगेचा, निथळणाऱ्या काचेचा, माझ्या त्या दातेरी पट्ट्यांचा. माझा शब्द न शब्द ह्या लोकांनी पाळला होता. एक जरी बेशिस्त निघाला असता, एकानं जरी औषध लोट्यात घेतलं असतं, तर वाचला असता. मी तिला म्हणाले, "नाही. तुझं नाही चुकलं." हे मी तिच्यावर ओरडूनच म्हणाले, दुसऱ्या आवाजात मला म्हणता आलं नाही.

तशीच आत गेले. हवालदाराच्या हातातली बाटली घेतली, तिच्या गळ्याशी बोट फिरवून चाटलं. धुतलेली असूनही कडू जहर; क्विनाईन वहाळाच्या पाण्यानं सहजी जात नाही. बाटली त्यांच्यापुढे धरून म्हणाले, "घ्या, चाटून बघा." त्यांनी चाटलं आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की पाटलांनासुद्धा हसू आवरेना. "ही दारू असेल," मी म्हणाले, "तर विकणाऱ्याचं दिवाळं निघेल." हवालदार थुंकत थुंकत म्हणाले, "पण बाई, हे औषध तुम्ही ह्याच माणसाला दिलं, याला लेखी काही आहे?"

होतं. गाडीत रजिस्टर होतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं की रजिस्टर उघडलं की काय उघडं पडणार. ते भिंतीला टेकून उभे होते. मी रजिस्टर आणलं. सिदूचं नाव, बुधवारची तारीख, क्विनाईन मिक्सचर, सहा मात्रा. हवालदारांनी मोठ्यानं वाचलं, आणि पुढच्या रकान्यातलं गावाचं नावही वाचलं.

"काय?" पाटील ताडकन उठले. "सिदू? ह्यो आमच्या गावचा कदी झाला? बगू, बगू इकडं." मग पानामागून पान उलटत गेले. "अरे, ही बारा नावं कुणाची? तरी म्हटलं, आमच्या गावात एवढा ताप कसा दाखवतात! तालुक्याला माझं गाव बदनाम झालं, ते ह्यापायी होय?"

दारूचा आळ तिथेच गळून पडला. सिदूला चौकीवर नेलं नाही, आणि मुकादमाला त्याला खोपटात ठेवून घ्यावं लागलं. आठवड्याभरात त्याचे कानही उघडायला लागले. मी जिंकले होते. परतताना डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, रजिस्टर दाखवू नका म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?" मी म्हणाले, "नाही." "म्हणूनच म्हटलं नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्याआधी हौसाला मी दवाखान्याच्या दारातच बजावलं होतं: "पुढच्या बुधवारी प्रत्येकाच्या हातात वेगळी बाटली दिसली पाहिजे. वेगळी! कळलं? कुठूनही आणा." ती मान हलवून हो म्हणाली होती.

हे सगळं घडलं त्या दिवशी मंडळाच्या बाटलीच्या नियमावर मी चार पानी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, भाषा सुरेख होती. गोळ्या वाढवा, नाहीतर बाटल्या आपणच द्या, असं त्यात होतं. माझं पत्र पोचायच्या आत पाटलांची तक्रार पोचली. उत्तर मंगळवारी आलं, टंकलेखन केलेलं, चार ओळींचं. बाटलीबद्दल एक अक्षर नव्हतं. नोंदीत खोटेपणा आढळला आहे. यापुढे यादीतील गावांखेरीज गाडी कोठेही थांबवू नये. थांबल्यास डॉक्टरांची नेमणूक रद्द समजावी. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा वेगळ्या माणसावर चिडले.

अजूनही ह्या गोष्टीत नेमकं कुणावर चिडावं हे मला ठरवता आलेलं नाही. पाटलांवर? त्यांना त्यांच्या गावाची अब्रू होती. मंडळावर? ती माणसं मुंबईत बसून स्वतःच्या खिशातून तीस गावांना औषध पुरवत होती, जे दुसरं कुणी करत नव्हतं. डॉक्टरांवर? त्यांनी खोटं लिहिलं, पण खरं लिहिलं असतं तर त्या बारा जणांना पहिल्या दिवसापासूनच काही मिळालं नसतं. फिरून फिरून मी त्या लहान खिडकीशी येते, आणि मान वर न करणाऱ्या नर्सशी.

तो बुधवार. सकाळी जाताना खोपट्यांत कुणी नव्हतं, सगळे कामावर. गावात पाटील त्या दिवशी रांगेत आले नाहीत, पण पाटलीणबाई आल्या, डोकं दुखतं म्हणून. औषध घेता घेता म्हणाल्या, "तुमच्या त्या घाटणीनं काय केल्यान, कळलं काय गो बाई? हौसा का कोण ती. गावातल्या सगळ्या बाटल्या नेल्यान! माझा बाळा मुंबैवरनं टॉनिकच्या आणतो त्या, सुनेच्या तेलाच्या, सगळ्या. चार दिस त्या लोकांनी आमचं भात कापून दिलंनी, कामावरनं आल्यावर, काळोख पडेपर्यंत. पैशे देते म्हटलं, तर नको म्हणाली. बाटल्या द्या म्हणाली." आणि मग, जरा नवलानंच, "कापलेलं मातुर चांगलं हो."

मी पट्टी कापत होते, ती वाकडी कापली गेली.

ऊन कललं. आम्ही निघालो. दोन्ही बाजूंची खाचरं मोकळी झाली होती, धसकटं आणि मध्ये मध्ये भाताच्या उडव्या. वळण घेतलं आणि खोपटी दिसली. रस्त्याच्या कडेला रांग होती, आमची वाट बघत, सरळ, अंतर ठेवून, मी शिकवली होती तशी. बारा जणं. प्रत्येकाच्या हातात बाटली. तपकिरी, पांढऱ्या, निळ्या, चपट्या, गोल, सगळ्या धुतलेल्या, उन्हात चकाकणाऱ्या. सगळ्यात पुढे खांदा बांधलेला सिदू आणि त्याच्याशेजारी हौसा.

हसनमामूंनी गाडी हळू केली. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर समोरच्या काचेकडे बघत होते आणि त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. कुणीतरी एकानं 'थांबवा' म्हणायचं होतं. अख्ख्या तालुक्यानं ज्या तोंडाचा धसका घेतला होता, ते माझं तोंड तिथे उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही. मामूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गियर बदलला.

गाडी रांगेसमोरून गेली. हौसाला वाटलं, आम्हाला दिसलं नाही. तिनं हातातली बाटली आणखी उंच धरली.